दुखलं तर डावा हात

"दाताने दोरा तोडता ना?"

ओळख ना पाळख, आणि पहिलाच प्रश्न हा! मी खुर्चीत आडवी, तोंडाचा आ केलेला... बाबांच्या दुकानात मी कोट शिवते, हे त्या तरुण डॉक्टरला माझ्या पुढच्या दाताच्या खाचेनेच सांगून टाकलं होतं.

"रूट कॅनल करू, मग वर कॅप. दुखलं तर डावा हात वर करा, मी लगेच थांबेन."

मला धास्ती कॅपची. चारचौघांत निसटली तर? विचारलं, तर तो हसला.

"टेलरबाई, तुमचं बटण निसटतं?"

"माझं? छे!"

"मग माझी कॅप कशी निसटेल?"

कॅपच्या रंगाचे नमुने तो एकेक करून दाताशी धरायचा, हनुवटी खिडकीकडे वळवायचा. "पुन्हा हसा बघू... तुमचा रंग काही सापडत नाही." आरशात मला एक नमुना केव्हाच जुळलेला दिसत होता. तरी मी हसत राहिले.

तात्पुरती कॅप बसली. पक्की तयार झाल्याचा फोन आला, तर मी तापाचं सोंग केलं. पक्की बसली की येणं-जाणं संपलं! आई वैतागली, "अगं, तुला कॅप बसवायचीय, की डॉक्टरलाच घरात बसवायचंय?"

मी लाजले. वेडी कुठली.

शेवटी ठरवलं — आज बोलायचंच. हसेल त्याचे दात दिसतील! पण मी तोंड उघडलं आणि त्याने आधी कापूसच भरला.

"बरं झालं आलात. तुमचीच वाट बघत होतो..."

कापसासकट मी हसले.

"माझ्या लग्नाचा कोट शिवायचाय. पुढच्या महिन्यात आहे. होणारी बायकोच म्हणाली, त्या टेलरबाईंकडूनच शिव. मी तिच्याशी तुमच्याबद्दल इतकं बोलतो ना!" बोलता बोलता त्याने कॅप दाबून बसवली. "नस काढलीय, आता दुखायचा प्रश्नच नाही."

माझा डावा हात वर गेला होता.

तो लगेच थांबला. शब्दाचा पक्का. "कुठे दुखतंय?"

तोंडात कापूस. मी मान हलवली आणि हात खाली घेतला.

कोट शिवला, अगदी मापात. शेवटचं बटण लावलं आणि दोरा मुद्दाम दाताने तोडला — त्याच दाताने.

मेली कॅप हललीसुद्धा नाही.