एकाच मांडवात

वीर स्टेशनावर उतरले तेव्हा एकच रिक्षा उरली होती... आणि तिच्यात एक अवाढव्य बॅग, एक कंबल, एक माणूस आणि अत्तराचा एवढा घमघमाट, की मला शिंकच आली.

"सरका जरा," मी म्हटलं. "ही बॅग काय तुमची घरवाली आहे, शेजारी बसवलीत ती?"

तो हसला. "घरवाली अजून नाय. त्याच्यासाठीच तर सुट्टी काढून आलोय."

आगाऊ मेला! मी तोंड फिरवलं. पाऊस तिरका आत येत होता. त्यानं माझ्या बाजूचा रिक्षाचा फाटका पडदा धरला, तो थेट महाडपर्यंत. त्याची बाही चिंब भिजली होती.

उतरताना कळलं, हा साकिब. कुवेतला ड्रायव्हर, माझ्या विद्यार्थिनीचा, अलीशबाचा भाऊ.

"म्हणजे माझ्या बहिणीच्या डोक्यात गणित भरणाऱ्या झोया मॅडम तुम्हीच?"

"मी कशाला भरू? आधीपासूनच आहे ते."

अलीशबाची बारावी नुकतीच झाली होती. एकदा ऐकलेलं तिला पुन्हा ऐकवत नसे. कंटाळून बाकावर डोकं टेकायची, आणि बाकीचे सर तिला आळशी म्हणायचे. हेडसरांशी भांडभांडून मी शाळेआधीचा एक तास मागून घेतला होता. त्या तासाला फक्त ती, मी आणि पुस्तकात नसलेली गणितं! त्या जोरावर तिची बंगळूरला निवड झाली होती, पुढं गणितच शिकायला. ती जाईपर्यंत तास चालूच होता.

साकिब रोज तिला सोडायला यायचा आणि मागच्या बाकावर बसून राहायचा.

"तुम्हाला कळतं का काही यातलं?" मी एकदा विचारलंच.

"गणितातलं काय नाय. पण तुम्ही अडलात की खडू दातात धरता... ते कळतं."

मी खडू झटकन खाली ठेवला. अलीशबा फळ्याकडे तोंड करून खुदुखुदु हसत होती.

मग त्याच्या घरून मागणं आलं. माझे अब्बा खूश. आणि मी? आरशासमोर उभी राहून उगाचच हसत होते. शोभतं का शिक्षिकेला! पण खरं सांगते, इतका आनंद मला कधी झालाच नव्हता.

दुसऱ्या सकाळी अलीशबा तासाला आली, ती बसलीच नाही.

"मॅडम, आता तास बंद करूया."

"का गो?"

"भाईजानच्या मांडवातच माझापण निकाह हाय. दासगावचा मुलगा. अम्मी म्हणते, अठरा पुरी झाली, तुला बाप नाय, चुलता नाय, भाऊ समोर आहे तोवर उरकून टाकू. त्याला परत सुट्टी मिळायला दोन वर्सं लागतील..." ती हसायला गेली आणि रडली. "तुम्ही घरात येणार मॅडम, आणि मी जाणार."

साकिबला मी शाळेच्या व्हरांड्यात गाठलं. "थांबवा हे."

"रोज भांडतोय. अम्मी पदर पसरून रडत बसते. मी इथं हाय तोवर ती ऐकायची नाय."

बोलून गेला बिचारा. नको तिथं डोकं चालतं माझं.

"मग तुम्ही इथं राहू नका," मी म्हटलं. "भाऊच समोर नसला तर मुलीच्या बाजूनं निकाह लावून देणार कोण? परत जा. ती बंगळूरला पोचेपर्यंत येऊ नका."

"झोया..." पहिल्यांदाच त्याच्या तोंडून 'मॅडम' गळालं. "आणि आपलं?"

"मी थांबेन."

"अम्मी तुला माफ करणार नाय."

"ठाऊक आहे."

माझ्या ओढणीला खडूची पूड लागली होती. ती झटकायला त्यानं हात पुढे केला... आणि तसाच मागे घेतला.

तो परत निघाला त्या दिवशी मी स्टेशनावर गेले नाही. गेले असते तर त्याला जाऊच दिलं नसतं.

अलीशबा बंगळूरला गेली. तिच्या अम्मीनं मला भर बाजारात घर फोडणारी म्हटलं. साकिबचे फोन आधी दर जुम्म्याला यायचे, मग ईदला, मग बंदच झाले. मी मात्र थांबले होते. वेड्यासारखी थांबले होते.

परवा शाळेत बंगळूरहून फोन आला. अलीशबा.

"मॅडम... भाईजान सुट्टीवर आलाय. अम्मीनं कसम घातली त्याला. लग्न ठरलंय त्याचं, दुसरीकडं." ती हुंदके देत होती. "मला तुम्हीच पाहिजे होता घरात."

ऑफिसात सगळे माझ्याकडे बघत होते. मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"रडू नको गो. तू... तू लग्नाला येऊ नको हां."

"मॅडम! माझा सख्खा भाऊ हाय!"

"म्हणूनच. भाऊ समोर, तू समोर, मांडव तयार. तुला परत जाऊ देतील? अभ्यास कर तू. तुझ्या बदली मी जाते."

"अम्मी तुम्हाला दारात उभं करणार नाय."

"मांडवाला कुठं दार असतं गो?"

फोन ठेवला. तासाला उशीर होत होता, आणि काही केल्या मला समोरचं दिसत नव्हतं.