नऊ ग्रॅम दालचिनी

पिंगतांग गावात काढ्याचा चोथा कुणी घरात ठेवत नाही. काढा प्यायचा, चोथा चौकात नेऊन ओतायचा, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांखाली आजार तुडवला जातो. ठीक आहे, पण ओतताना माणसानं निदान समोर बघावं की नाही? तो हुनान प्रांताकडचा फिरता पिंजारी बघेल तर ना! भुरभुर पावसात मान खाली घालून आला आणि अख्खं भांडं त्यानं सुयिनच्या नव्याकोऱ्या कापडी बुटांवर रिकामं केलं.

"अहो! डोळे गहाण ठेवलेत की काय?"

"अरे बापरे... चुकलं, चुकलं!" त्यानं वर पाहिलं. केसांत कापूस, भुवयांवर कापूस, आणि एका नाकपुडीत कापसाचा बोळा. "आता माझी सर्दी तुम्हाला होणार. मी... काढा आणून देऊ का?"

"सर्दीवाल्यानं नाकात बोळा कोंबायचा, ही कुठली तऱ्हा?"

"रक्त येतंय हो, कालपासून. मिरच्यांवर वाढलेला माणूस मी, पण अंगाची अशी आग कधी झाली नव्हती."

सुयिनला हसू फुटणार होतं, तेवढ्यात तिची नजर बुटांवर गेली. तान वैद्यांची लेक ती, चोथा दिसला की त्यात काय काय आहे ते बघितल्याशिवाय तिला राहवायचं नाही. आल्याच्या चकत्या, फुगलेली लाल बोरं, पिओनीच्या फुलझाडाचं पांढरं मूळ, ज्येष्ठमध... आणि पाचवा जिन्नस. ती खाली बसली, तुकडा उचलून तिनं नाकाशी नेला. दालचिनीच्या कोवळ्या काड्या असायला हव्या होत्या. ही साल होती... जाड, तेलकट, बुंध्याची साल.

झाड एकच, पण काडी हलकेच घाम आणून अंगात शिरलेली थंडी बाहेर काढते, आणि साल पोटात जाऊन चूल पेटवते. अठराशे वर्षांपूर्वी कुणीतरी हे पाच जिन्नस असे जुळवले, की नऊ ग्रॅम काडीसमोर नऊ ग्रॅम पिओनी, आणि एकाचंही माप हललं की औषधाचं नावच बदलतं! काय डोकं असेल त्या माणसाचं! लहानपणापासून सुयिनला या विचारानं भरून यायचं. वयाच्या सातव्या वर्षी तिनं ठरवलं होतं, आपण आयुष्यभर औषधं तोलायची.

"कुठून घेतलंत हे?"

"तान वैद्यांकडून, बाजाराच्या दिवशी. तुम्हीच तर तोलून दिलंत! मी एवढा बघत होतो, तुमचं लक्षच नव्हतं म्हणा..."

काडीचा खण वर, सालीचा खाली, आणि तिचा हात खालच्यात गेला होता. तोललेलं औषध दुसऱ्यानं तपासायचं असतं, पण त्या दिवशी झुंबड होती, बाबा आत नाड्या बघत होते, आणि तिनंच पुडीवर तपासल्याची खूण करून दोरा बांधला होता.

दुकानाचा नियम एकच. तोलण्यात चूक झाली की हातातला काटा खाली ठेवायचा, वर्षभर. बाबांनी सख्ख्या भावालाही सोडलं नव्हतं, आणि काका रागानं दुकान सोडून गेले ते गेलेच.

तिचा चेहरा बघून तो घाबरला. सगळं ऐकल्यावर म्हणाला, "मग सांगूच नका ना! एवढंसं तर रक्त. मी कुणाला बोलणार नाही. तसाही महिन्याभरात पुढच्या गावाला निघणार मी."

"आणि हीच पुडी एखाद्या म्हाताऱ्या माणसाला गेली असती तर?"

ती भिजलेल्या बुटांनी तरातरा दुकानात गेली आणि भरल्या दुकानात तिनं बाबांना सगळं सांगितलं. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी तिचा काटा फळीवरून उचलला, खुंटीला टांगला. "एक वर्ष," म्हणाले. मग मागोमाग धावत आलेल्या त्या पिंजाऱ्याची, पेंग हाओशेंगची, नाडी त्यांनी बराच वेळ बघितली.

"आधी दोन दिवस मुगाचं पाणी. नाकातलं रक्त थांबल्यावर हुडहुडी राहिलीच, तर खरा काढा. तोलेन मी. सुयिन, उकळायचा आणि पाजायचा तू. बिघडवलंयस तू, निस्तर तूच."

हुडहुडी राहिली. राहावी अशी त्या रुग्णाचीच इच्छा होती की काय कोण जाणे!

तिसऱ्या दिवशी दुपारी ती काढा घेऊन त्याच्या भाड्याच्या खोलीत गेली. दार सताड उघडं, समोर लाकडी फळीवर कापूस नि पिंजायची धनुकली. काढा पाजला, वर गरम पातळ पेज पाजली.

"आता रजई घ्या."

"रजई नाहीये."

"पिंजारी ना तुम्ही?"

"सगळ्या विकल्या."

"आणि ही? लाल दोऱ्याची?"

"ती लग्नाची आहे! मी पांघरली तर ती नवरी मला उभा चिरेल."

सुयिननं कपाळावर हात मारला, घरी जाऊन स्वतःची निळ्या फुलांची रजई आणली आणि त्याला गळ्यापर्यंत गुंडाळून टाकलं.

"घाम दवासारखा यायला हवा. धारा लागल्या तर औषध वाया."

"मला कसं कळणार?"

तिनं हाताची पालथी बाजू त्याच्या कपाळावर ठेवली. "बोलू नका."

"आला?"

"बोलू नका म्हटलं ना..."

"मला वाटतं, घाम तुमच्याच हाताला आलाय."

तिनं झटकन हात काढला. त्याचे डोळे मिटलेले होते, पण ओठ हसत होते... आणि तिचे कान तापले होते.

महिना संपला, हाओशेंग गेला नाही. म्हणे, रजयांची कामं फार आली. सुयिन मागच्या खोलीत बसून काड्यांच्या चकत्या करायची, डोळे मिटून वासावरून साल नि काडी ओळखायची. कधी रडायचीही. तो खिडकीशी यायचा, कधी चकत्या वाळवायला मदत करायचा, कधी नुसता उभा राहायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही सांगता आलं नसतं.

वर्ष भरलं. बाजाराच्याच दिवशी बाबांनी खुंटीवरचा काटा काढून तिच्या हातात दिला. पण रांगेतल्या पहिल्या हुआंग आजींनी पुढे केलेली चिठ्ठी मागे घेतली. "वैद्यबुवा, तुम्हीच तोला बाई. माझं वय झालं..."

मागचे दोघेतिघे जमिनीकडे बघायला लागले. सुयिननं काटा फळीवर ठेवला. आता आपल्यावर कुणाचाच विश्वास बसणार नाही, हे तिला कळून चुकलं.

"मला द्या!" रांगेच्या शेवटून हाओशेंग माणसांतून वाट काढत आला. चांगला शिंकत होता, सोंग नव्हतं. बाबांनीच आत नाडी बघून लिहिलेली चिठ्ठी त्यानं फळीवर ठेवली. तोच काढा.

तिनं खण उघडला, हुंगला, मग तोललं. नऊ ग्रॅम. नऊ ग्रॅम. बाबांनी एकेक जिन्नस बोटानं सारून तपासला, मान हलवली. तिनं दोरा बांधला.

"उघडून बघ," ती हळूच म्हणाली. "आता तुलाही ओळखता येतं."

"नको."

"का?"

"रजयांची कामं केव्हाच संपली, सुयिन. मी खोटं बोललो. पहिलं औषध तू मलाच तोलून द्यावंस, म्हणून वर्षभर थांबलोय... आणि यापुढेही तूच द्यावंस. मला तू आवडतेस. जन्मभरासाठी विचारतोय..."

बाबा उगाचच चष्मा पुसायला लागले. सुयिनच्या डोळ्यांत पाणी, आणि बांधलेल्या दोऱ्याला ती पुन्हा गाठ मारत बसली.

"अगं, हो म्हणून टाक की एकदाचं!" हुआंग आजींनी कोपरानं त्याला बाजूला सारलं आणि आपली चिठ्ठी सुयिनसमोर आपटली. "आणि माझं तोल पटकन, गुडघा ठणकतोय माझा!"

"हो," सुयिन म्हणाली, आणि आजींची चिठ्ठी तिनं दोन्ही हातांनी उचलली.