जांभळा म्हणजे जिवंत

सिलिंडरच्या मीटरचा काटा लाल रेघेला टेकला होता, आणि टेकूनही पलीकडच्या गल्लीतल्या लूमच्या खडखडीने अगदी बारीक थरथरत होता. भिवंडीच्या कॉलेजात संशोधन करणारी सादिया त्याच्याकडेच बघत होती, म्हणून प्रयोगशाळेच्या दारात उभा असलेला माणूस तिला दिसलाच नाही.

"मॅडम, गॅस आणलाय, वडप्याच्या आमच्या दुकानातून. मी मुदस्सिर." त्याने नवा सिलिंडर भिंतीला लावला. "एक विचारू? एवढ्या कार्बन डायऑक्साइडचं करता काय... सोडा?"

"पेशी वाढवते. स्तनाच्या कर्करोगाच्या." तिने उबदार पेटीकडे बोट दाखवलं. "आतली हवा जरा बिघडली, की मरतात."

"म्हणजे दुश्मनाचेच लाड!"

ती हसली — आणि हसल्याबद्दल स्वतःवरच चिडली.

त्यानंतर दुकानात दोन ड्रायव्हर असूनही प्रत्येक सिलिंडर मालक मुदस्सिर स्वतःच आणू लागला. पाऊस ओसरता ओसरता त्याच्या अम्मीने सादियाच्या घरी मागणी घातली. मुलगा तिला आवडला होता. भीती वेगळीच होती. तिची मोठी बहीण जमिलाआपा फार्मसी शिकलेली, तिच्याहून हुशार. लग्न झालं, आणि आता टेमघरला सासरी तिच्या पांढऱ्या कोटाने मुलांची सायकल पुसतात.

"प्रयोग संपू दे, मग सांगते," सादिया घरी म्हणत राहिली.

पेशींवर निर्गुडीच्या पाल्याचा अर्क घालून बघण्याचा प्रयोग संपला त्या दुपारी मुदस्सिर नेमका दारात होता.

"या इकडे. हात लावू नका हं."

प्लेटच्या इवल्या खळग्यांत एकीकडे गर्द जांभळा रंग, दुसरीकडे नुसता फिका पिवळा.

"माशाल्ला, काय रंग चढलाय! जांभळे सगळे मेले ना?"

"उलट! जांभळा म्हणजे जिवंत. मी घालते तो रंग पिवळा; जिवंत पेशीच त्याचा जांभळा करते. पिवळे राहिले ते... कर्करोगाचे."

"आणि हे जांभळे?"

"निरोगी. अर्क दोघांनाही तोच दिला होता."

तो प्लेटवर वाकला. मग अगदी हळू म्हणाला, "कुंपणातला पाला... आणि त्याला कळतं, कुणाला सोडायचं?"

"ही फक्त प्लेट आहे," सादिया म्हणाली. "माणसापर्यंत पोचायला वर्षं जातील. पुन्हा पुन्हा करून बघावं लागेल. कदाचित मी चुकलेही असेन."

"मग उद्या पुन्हा लावा ना." त्याची नजर प्लेटवरून हलत नव्हती. "परवाही लावा. बघायला मी येऊ?"

सादियाने प्लेट खाली ठेवली.

"मुदस्सिर, तुमच्या अम्मींना सांगा... माझा होकार आहे. आणि लग्नानंतरही मी रोज इथंच येणार."