वाऱ्याऐवजी हात

चांद्रवस्तीच्या रोपघरात टोमॅटोच्या रोपांवरून रोज सकाळी चाळीस वेळा हात फिरवायचा, असा नियम होता. जमिनीखालच्या त्या बंद खोल्यांत वारा नव्हता, आणि वाऱ्याशिवाय वाढलेलं रोप उंच, पांढुरकं आणि नुसतंच लांबुडकं होतं. मोठ्या वाफ्यात लावलं की आडवं पडतं. दिवे टीचभर अंतरावर आणले, थंडावा ठेवला, तरी थोडी कसर राहतेच. मग शेंड्यांवरून अलगद तळवा फिरवायचा. रोपाला वाटतं, वारा सुटला. ते उंच व्हायचं थांबतं आणि देठ जाड करू लागतं.

शालन बोरगावे हे काम सहा वर्षं करत होती. वस्तीने त्यासाठी मऊ केसांचा ब्रश दिला होता. तो खिळ्याला टांगलेला असे. हातानं केलेली रोपं जास्त दणकट होतात, यावर ती कोणाशीही भांडायला तयार होती.

तिची मुलगी रेणू चंद्रावरच जन्मली. इथे वजन पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याएवढं, त्यामुळे पोरीची हाडंही त्या रोपांसारखीच झाली होती, लांब आणि ठिसूळ. वयाची सहा वर्षं पुरी व्हायच्या आत ती पृथ्वीवर गेली नाही, तर पुढे कधीच जाऊ शकणार नव्हती. तिचा बाप भूपाल दीड वर्षापूर्वीच कामाची मुदत संपवून जयसिंगपूरला परतला होता आणि रोज पडद्यावर दिसत होता. ती सहाची व्हायच्या आतलं जूनचं यान हे शेवटचं.

यावर डॉक्टर ताम्हनकरांकडे उपाय होता, ‘स्पर्शलस’. ही लस टोचली की माणसाची हाडंही रोपाच्या देठासारखी वागतात. कातडीवर हात फिरला की शरीराला तो धक्का वाटतो आणि हाडांत भर पडते. पाठीवरून सकाळी चाळीस, संध्याकाळी चाळीस, असे सहा महिने.

“ब्रश देतो, शालनताई. तोच वापरा,” डॉक्टर म्हणाले.

“लेकराच्या पाठीवर ब्रश? माझे हात काय झिजलेत व्हय?”

डॉक्टर हसले. त्यांनी आग्रह धरला नाही. धरायला हवा होता, पण तेव्हा त्यांनाही नीटसं माहीत नव्हतं.

पहिल्या महिन्यात रेणूला गुदगुल्या होत. ती खिदळत मोठ्यानं आकडे मोजायची आणि चाळीस झाले की आईच्या गळ्यात पडायची. तिसऱ्या महिन्यात खिदळणं थांबलं. चौथ्यात ती पाठ वळवून पाय फाकवून उभी राहू लागली, मान ताठ. मोजत मात्र होती.

हाडांचे फोटो पाहून डॉक्टर खूश झाले. शालन म्हणाली, “पोरगी हसंना झालीया, डॉक्टर. गळ्यात पडत न्हाई.”

डॉक्टरांनी फोटो बाजूला ठेवले.

“रोपाला तुमचा हात कळत नाही, ताई. त्याला फक्त वारा कळतो. घाबरतं म्हणूनच जाड होतं. रेणूचं शरीर तुमच्या हाताला तसंच घाबरायला शिकतंय. ब्रश वापरला असता तर ब्रशला घाबरली असती.”

“मग आता ब्रश घेऊ?”

“शरीर एक स्पर्श शिकलं की दुसरा चालत नाही. पहिल्यापासून सुरू करावं लागेल. जूनच्या आत होणार नाही.”

“थांबवलं तर?”

“तर ती इथेच राहील. कायमची.”

“अजून किती दिवस?”

“पंचेचाळीस.”

शालन रोपघरात आली. मिरचीच्या तीन ट्रेंवरून तिनं हात फिरवला, चाळीस वेळा, एकही न चुकवता. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. त्या संध्याकाळी तिनं रेणूला हाक मारली. पोरगी आली आणि पाठ करून उभी राहिली. पंचेचाळीस दिवस दोघींनी असंच काढलं. शालनला या दिवसांतलं पुढे फारसं काही आठवत नसे; रोपांचं आठवे, कोणत्या ट्रेमध्ये किती उगवली ते.

जूनमध्ये रेणू पृथ्वीवर स्वतःच्या पायांनी चालत उतरली. उन्हात डोळे मिचकावत, जरा लटपटत, पण न पडता. असं चालणारं ते चंद्रावरचं पहिलं मूल. भूपालनं धावत जाऊन तिला उचललं, आणि ती त्याच्या मिशा ओढत खळखळून हसली. त्याचा हात तिच्या पाठीवरच होता. शालननं ते नीट पाहिलं.

“बघ की गं, किती घट्ट झालीया!” भूपालचे डोळे भरले होते. त्यानं रेणूला खाली ठेवलं. “जा, आईकडं जा.”

लसीचा अंमल तीन आठवड्यांपूर्वीच उतरला होता. डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलं होतं, आणि त्या कागदावर शालननं थोडा भरवसा ठेवला होता. ती गुडघ्यांवर बसली. पहिल्यांदाच मोजायचं नाही असं ठरवून तिनं लेकीच्या पाठीवर हात ठेवला.

रेणूनं पाय फाकवले आणि मान ताठ केली.

“एक,” ती म्हणाली.