भिंतीपुढचा घास

भाद्रपदातली सर्वपित्री अमावस्या होती. खांडवगडाचे पूर्वेकडचे कडे अजून काळेच होते, खालच्या खोऱ्यात धुकं दाटलं होतं आणि नगारखान्यात चौघडा झडायला अवकाश होता; अशा वेळी पागेतली लीद भरायला निघालेली सगुणा ढमाळे पश्चिम बुरुजाच्या वळणावर जागच्या जागी थबकली. तटाला लागून उभ्या असलेल्या एका ओबडधोबड भिंतीपुढे गडाचे किल्लेदार निंबाजीराव सरनाईक दक्षिणेकडे तोंड करून, उघड्या डोक्यानं बसले होते. पुढ्यात पत्रावळ, पत्रावळीवर काळे तीळ घातलेला दहीभात. तटावर कावळे होते, पण एकही खाली उतरत नव्हता.

"रायाजी," किल्लेदार हात जोडून म्हणत होते, "तुमच्या माणसांना मी उपाशी ठेवलं नाही. आता तरी घास घ्या."

रायाजी म्हणजे सगुणेचा नवरा. आणि याच निंबाजीरावांनी मागं भर सदरेत बेलभंडार उचलून शपथ वाहिली होती, की रायाजी ढमाळे आपल्या बारा गड्यांनिशी मोगलाला फितूर झाला आणि शत्रूच्या छावणीत सुखानं नांदतो आहे. आता तुम्हीच सांगा, जित्या माणसाला कुणी अमावस्येचा घास ठेवतं का? खाई त्याला खवखवे, दुसरं काय!

ती हकीकत अशी. सात वर्षांपूर्वी मोगली फौजेनं खांडवगडाला वेढा घातला, तोफांसाठी दमदमे उभारले, आणि गडावरचं धान्य खरवडायची वेळ आली. शिबंदीचा सरनोबत होता रायाजी ढमाळे. गड सोडण्याची गोष्ट कुणी काढली तर सरळ तलवारीला हात घालणारा माणूस. एके दिवशी किल्लेदारानं त्याला हुकूम दिला, की बुरुजाखालच्या चोरवाटेनं उतरा, गनिमाच्या मोठ्या तोफेच्या कानात खिळे ठोकून ती निकामी करा आणि त्याच वाटेनं परत या. रायाजी मुजरा करून बारा गड्यांसह उतरला तो उतरलाच. दुसऱ्या दिवशी निंबाजीनं सदरेत सांगितलं, की सरनोबत फितला, चोरवाट शत्रूला ठाऊक झाली, आता ती बंद केलीच पाहिजे. बेलदार बोलावून वाटेच्या लोखंडी दारापुढे भिंत घालून घेतली. त्या दिवशी दोन्हीकडच्या तोफा सारख्या धडधडत होत्या. भिंतीपलीकडून काही आवाज आला असेल तर तो निंबाजीनं एकट्यानं ऐकला. पुढं मोगल सरदाराला दुसऱ्या मोहिमेवर जायचं फर्मान आलं, वेढा उठला, आणि गड राखल्याचं यश अनायासे निंबाजीच्या पदरात पडलं.

इकडे गडाच्या पायथ्याला, करंजवाडीत, ढमाळ्यांच्या घराला गावानं पाणी-विस्तव बंद केला. पाटीलकी गेली. सासरे कोंडाजीबाबा रडून रडून की वयानं कोण जाणे, पण डोळ्यांनी पार आंधळे झाले. सगुणेचे हाल तर कुत्रा खाईना असे. नवरा मेला म्हणावं तर हाडूक नाही, जिता म्हणावं तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. कपाळी कुंकू लावलं तर बाया म्हणत, फितुराचं कुंकू मिरवते. पुसावं तर कुणाच्या नावानं? मन तिला एकच सांगत होतं, की धनी फितायचे नाहीत, ते कुठंतरी पडले आहेत, आणि ज्या दिवशी त्यांची हाडं हाती लागतील त्या दिवशी हा डाग धुऊन निघेल. त्या एका आशेवर बाई जगत होती.

आणि या सगळ्या काळात तिच्या पाठीशी उभा राहिला तो कोण? निंबाजी! त्यानं गावाची पर्वा न करता तिला पागेत काम दिलं, महिन्याच्या महिन्याला घरी जोंधळे धाडले, आणि दर भाऊबीजेला तिच्या झोपडीत पाटावर बसून तिच्या हातून ओवाळून घेतलं. ती त्याला दादा म्हणायची. देवाच्या खालोखाल तिनं त्यालाच मानलं होतं. आता बुरुजाच्या आडोशाला उभ्या असलेल्या सगुणेला त्या जोंधळ्यांचा अर्थ कळला. जशी आली तशीच पाय न वाजवता मागं फिरली.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना. त्या मुहूर्तावर सुभेदार त्र्यंबकपंत निंबाजीला मानाची वस्त्रं द्यायला मुद्दाम गडावर आले होते. सदर भरली, शिबंदी दुतर्फा उभी राहिली, तबकातला शेला उचलायला पंतांनी हात पुढं केला, आणि लिदीच्या हातांची ती बाई आंधळ्या सासऱ्याला धरून थेट सदरेच्या मधोमध आली. भालदार धावले. पंतांनी त्यांना थांबवलं आणि तिला काय मागणं आहे ते विचारलं.

"पश्चिम बुरुजाची भिंत पाडावी, एवढंच मागणं आहे, सरकार. भिंतीमागं माझे धनी आहेत. नसले, तर किल्लेदारांवर आळ घेतला म्हणून मला याच गडावरून लोटून द्यावं."

सदरेत कुजबुज उठली. निंबाजी मात्र जागचा हलला नाही. मोठ्या मायेच्या सुरात त्यानं पंतांना सांगितलं, की ही माझी मानलेली बहीण, दुःखानं बिचारीचं डोकं फिरलं आहे, घट बसले असताना तटाला पहार लावणं अशुभ, तिला क्षमा असावी. पंतांचं मन वळलंही असतं. पण सगुणा निंबाजीच्या समोर जाऊन उभी राहिली.

"दादा, काल पहाटे त्या भिंतीपुढे पान कुणाला ठेवलं होतं?"

"गडाच्या क्षेत्रपाळाला," निंबाजी म्हणाला. "दरसाल ठेवतो."

"क्षेत्रपाळाला तिळाचा भात? दक्षिणेला तोंड करून? आणि क्षेत्रपाळाला रायाजी म्हणून हाक मारता?"

निंबाजी एक पाऊल मागं सरला. त्र्यंबकपंत मुरलेले कारभारी. त्यांनी बाईकडे नव्हे, किल्लेदाराच्या त्या मागं सरलेल्या पावलाकडे पाहिलं. पंतांनी शेला तबकात परत ठेवला आणि बेलदारांना पहारी आणायचा हुकूम केला.

दगड निघाले, मागचं गंजलेलं लोखंडी दार दिसलं. त्याची कडी बाहेरून, म्हणजे गडाच्या बाजूनं घातलेली होती. ती तोडून मशाली आत नेल्या, तेव्हा पुढं शिरलेला बेलदार पागोटं काढून बाजूला झाला. हाडांचे सापळे दाराला लगटून पडले होते. सगळ्यांचं तोंड गडाकडे. तलवारींची टोकं दारावर घाव घालून घालून मोडली होती. वाटेचं बाहेरचं तोंड मोगलांनी सुरुंग लावून आधीच बुजवलं होतं. म्हणजे तिकडे खबर गेलीच होती, आणि ती कुणी धाडली हे आता विचारायची गरज राहिली नव्हती.

पंतांनी करंजवाडीत आणि आसपासच्या गावांत दवंडी पिटवली. ज्या घरांनी सात वर्षं माना खाली घातल्या होत्या ती घरं गड चढून आली. हाडं पांढऱ्या धडप्यांवर वेगवेगळी मांडली होती. कुणी चांदीच्या करगोट्यावरून आपला बाप ओळखला, कुणी भिकबाळीवरून भाऊ, एका आईनं पुढच्या तुटक्या दातावरून आपलं लेकरू. काहींची ओळख कशानंच पटली नाही. त्यांच्या घरच्यांनी आपसांत ठरवलं, की नावं तर ठाऊक आहेत, मग सगळ्यांना एकाच चितेवर देऊ आणि सगळ्यांचंच सुतक सगळे धरू.

कोंडाजीबाबांना दिसत नव्हतं. ते गुडघ्यांवर बसून एकेका धडप्यावरून हात फिरवत सरकत राहिले. एका नडगीवर त्यांची बोटं थांबली. पोरपणी रायाजी घोड्यावरून पडला होता आणि त्याचं हाड वैदूकडून जरा वाकडंच बसलं होतं. म्हातारा त्या वाकलेल्या जागेवर अंगठा घासत राहिला.

"हा माझा," ते म्हणाले. "सूनबाई, हा आपला."

सगुणेनं पदरानं कपाळाचं कुंकू पुसलं. मग ती मुसक्या बांधून उभ्या केलेल्या निंबाजीकडे गेली. तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता. खालच्या आवाजात तो सांगू लागला, की मोगलांना गड द्यायचा कौल ठरला होता, रायाजी असता तर त्यानं तो होऊ दिला नसता; पुढं कौल पुरा व्हायच्या आतच वेढा उठला. बाहेरच्या तोंडाशी गाठून मोगल त्यांना लढाईत मारतील असं बोलणं झालं होतं, ते परत दारापर्यंत येतील असं ठरलं नव्हतं.

"दारावर थापा पडत होत्या," तो म्हणाला, "आणि मी उघडलं नाही."

"बाकीचं सोसलं असतं मी," सगुणा म्हणाली. "पण सात वर्षं तुमच्या हातचं खाल्लं, दादा. ते आता पोटातून कसं काढू?"

निंबाजीला पंतांनी कडेलोटाची सजा फर्मावली. ती अमलात आली तेव्हा सगुणा पाहायला गेली नाही. गडाखालच्या मैदानात चिता पेटली, तेराव्याला गावांनी आपापल्या माणसांची पानं मांडली, आणि रायाजीच्या पानावर कावळा कुणी काही बोलायच्या आत उतरला. कोंडाजीबाबांना ते दिसलं नाही, म्हणून शेजाऱ्यानं त्यांना सांगितलं. त्या शेजाऱ्याच्या घरून सात वर्षांत विस्तवाचा निखाराही आला नव्हता.

काही दिवसांनी निंबाजीची बायको जनकाबाई पदर तोंडावर ओढून सगुणेच्या दारी आली. कड्याखालच्या रानात नवऱ्याची हाडं शोधायची होती, आणि सोबत यायला एक माणूस तयार नव्हता. आत ये, असं सगुणा म्हणाली नाही, आणि बस, असंही म्हणाली नाही. खुंटीवरचा कोयता घेऊन ती पुढं चालू लागली. दिवसभर दोघींनी करवंदीच्या जाळ्या तोडल्या. सांजावता सापडलं ते जनकाबाईच्या ओटीत घालून सगुणा हात धुऊन घरी आली.

मग दिवाळी आली. भाऊबीजेला करंजवाडीच्या घराघरांत पाट मांडले गेले. ढमाळ्यांची पाटीलकी परत मिळाली होती, गावातले चारजण पागोटी घालून सगुणेच्या अंगणात आले, आणि आम्हाला भाऊ समज, असं त्यांनी मनापासून सांगितलं. सगुणेनं त्यांना गूळपाणी दिलं, पण पाट काही मांडला नाही. ते गेल्यावर तिनं तबकात निरांजन लावलं आणि ती अंगणात येऊन उभी राहिली. डोंगराच्या माथ्यावर बीजेची बारीक कोर दिसत होती. ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते, तशी सगुणेनं चंद्राला ओवाळलं आणि ती आत गेली.