आप्पांच्या मिशीचा केस

कोल्हापूरच्या आहारनिर्णय केंद्रात डॉ. हेमांगी सरनोबत यांचा शब्द शेवटचा असे, आणि तो तसाच असायला हवा याबद्दल खुद्द हेमांगीला तिळमात्र शंका नव्हती. साल होतं २०६४. त्याआधीची शंभर वर्षं आहारतज्ज्ञांनी माणसाला नुसतं भंडावून सोडलं होतं. मटण सोडा, कोंबडी खा. कोंबडी खा, पण कातडं काढून. छे, पोल्ट्रीची कोंबडी नकोच, त्यापेक्षा थोडं मटण बरं! एकाचा अहवाल पूर्वेला, दुसऱ्याचा पश्चिमेला, आणि मध्ये ताट पुढ्यात घेऊन बसलेला बिचारा माणूस. तीन वर्षांपूर्वी हेमांगीने हे सगळे अहवाल तोलले आणि निकाल दिला: मटण बंद, कोंबडी चालू.

निकालाची परीक्षा घ्यायला तिने जिल्ह्यातले सहाशे म्हातारे पैलवान निवडले. सगळ्यांनी मटण सोडल्याची शपथ घेतली. यादीत पहिलं नाव तिच्या वडिलांचं, वस्ताद रंगराव सरनोबत, म्हणजे घरचे आप्पा. त्यांना हृदयविकाराचा एक झटका येऊन गेला होता, म्हणून तर तिने हा सगळा खटाटोप मांडला होता. पहिली अडीच वर्षं आप्पा छान सुधारले. पण गेल्या सहा महिन्यांत त्यांना पुन्हा दम लागू लागला. कालच्या धमनीदर्शक तपासणीत एक रक्तवाहिनी निम्मी बुजलेली दिसली.

"चारशे पैलवानांच्या धमन्या मोकळ्या झाल्यात, दोनशेंच्या बुजल्यात," ती तन्वीरला म्हणाली. डॉ. तन्वीर बागवान केंद्रातले अणुशास्त्रज्ञ, तिचे वीस वर्षांचे सहकारी. "या दोनशे जणांनी चोरून मटण खाल्लंय. आणि आमचे आप्पा त्यांचे म्होरके असणार. सोमवारी हा निकाल राज्यभर कायम होणार आहे. त्याआधी मला चोर पकडून दे."

"पकडतो की," तन्वीर म्हणाले आणि त्यांनी टेबलावरच्या केशवाचक यंत्रावर थाप मारली. "माणूस खोटं बोलेल, केस नाही बोलत. कार्बनचे अणू दोन तऱ्हेचे, हलके आणि किंचित जड. मका, ऊस, ज्वारी यांत जड अणू जरा जास्त असतात. झाडपाल्यात कमी. पोल्ट्रीची कोंबडी मक्यावर वाढते, म्हणून तिचं मांस जड. बोकड डोंगरात बाभळी-बोरीचा पाला ओरबाडतो, त्याचं मांस हलकं. आपण जे मांस खातो, त्याचेच अणू आपल्या केसात जाऊन बसतात. ज्वारीची भाकरी सगळेच खातात, तेवढं वजा करायचं. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे वीतभर केस मिळाला, की दीड-दोन वर्षांचा हिशोब हातात."

"वीतभर केस पैलवानाच्या डोक्यावर कुठला मिळायला?"

"डोक्यावर नाही. आप्पांची मिशी आहे ना?"

त्या मिशीला हात लावायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. हेमांगीने दुसऱ्या दिवशी सकाळीच, चहा पिता पिता, एक केस उपटून आणला. आप्पा "अगं आई गं!" म्हणून ओरडले, पण लेक होती, काय करणार? बाकीच्यांचे केस तन्वीरनी महिनाभर आधीपासून जमवून ठेवलेलेच होते.

यंत्र दुपारपर्यंत घरघरत होतं. मग तन्वीरनी कागद पुढे सरकवला आणि डोकं खाजवलं.

"हेमांगीताई, उलटंच आलंय. ज्या चारशेंच्या धमन्या मोकळ्या आहेत, त्यांचे केस सांगतात बोकड. ज्या दोनशेंच्या बुजल्या, ते सांगतात कोंबडी."

"काहीतरीच काय!"

"आणि आप्पा बघा. केसाच्या टोकाकडून आत येताना बोकड, बोकड, बोकड. मुळाजवळच्या शेवटच्या सहा सेंटीमीटरमध्ये कोंबडी. म्हणजे चोरून खात होते तोवर बरे होते. सहा महिन्यांपूर्वी शहाण्यासारखे वागायला लागले आणि आजारी पडले."

आता बोला! हेमांगीने कागद पर्समध्ये कोंबला आणि ती तडक घरी गेली.

आप्पा सोप्यात बसून मिशीला तेल लावत होते. उपटलेल्या जागी जरा जपूनच.

"आप्पा, खरं सांगा. मटण खाल्लंत की नाही?"

"तुझ्या आईची शपथ. तीन वर्षांत एक फोड तोंडात टाकली न्हाई."

"मग तुमच्या केसात बोकड कुठून आला?"

"मला काय ठावं? कोंबडी खातोय की आठवड्यातनं एकदा. तुझा शब्द राखायला. बाकी रोजचा आपला भाकरी आन् रस्सा."

"कसला रस्सा?"

"कसला म्हंजे? पांढरा. दोन वाट्या सकाळी, दोन संध्याकाळी. तालमीत सगळीच पितात."

हेमांगी त्यांच्यासमोर खाली बसली. "आप्पा, पांढरा रस्सा मटणाचाच असतो ना!"

"मटणाचा असतोय, मटण नसतंय!" आप्पा खरोखरच दुखावले. "फोडी बाजूला काढून दुसऱ्याला देतोय आम्ही. तुझ्या कागदावर इचारलंवतं, 'मटण खाता का?' न्हाई म्हणून लिवलं. 'रस्सा पिता का?' असं कुठं इचारलंस?"

नव्हतंच विचारलं. बोकडाचा सारा अर्क वाटीत ओतून पिणारे सहाशे प्रामाणिक पैलवान, आणि आपण कोल्हापुरात जन्मून हे विसरलो! तिला स्वतःचा असा राग आला की हसूच फुटलं. मग ते हसू एकदम थांबलं.

"आप्पा, रस्सा कधी बंद केलात?"

"बंद? सकाळीच प्यालो की. तू मिशी उपटून गेलीस, त्याच्या मागनं."

"गेले सहा महिने रोज?"

"रोज."

म्हणजे बोकड चालूच होता, आणि केस मात्र कोंबडी म्हणत होता. हेमांगी उठून सोप्यात येरझाऱ्या घालू लागली. तन्वीरचे शब्द तिने पुन्हा एकेक करून आठवले. मका, ऊस, ज्वारी जड. झाडपाला हलका.

"बोकड कुणाकडून आणता?"

"मायाप्पा धनगराकडनं. दुसरीकडचं मला चालत न्हाई."

"त्याची बोकडं डोंगरात चरतात?"

"चरायची. आता कुठली? तुझा निकाल आला, मटण खपंना झालं. रेटून रेटून बघितलं त्यानं, मग सहा महिन्यांमागं कळप विकून टाकला. माझ्यासाठी म्हणून चार बोकडं तेवढी दारात बांधल्यात. उसाचं वाढं टाकतोय, कधी मक्याचा भरडा."

हेमांगी येरझाऱ्या घालायची थांबली. केसाने बोकड किंवा कोंबडी असं कधी सांगितलंच नव्हतं. जनावराच्या पोटात काय गेलं, एवढंच तो सांगत होता. बुजलेले दोनशे पैलवानही रस्साच पीत होते. फक्त त्यांची बोकडं उसाच्या पट्ट्यात, दावणीला वाढलेली. शंभर वर्षं भांडलेले ते सगळे अहवाल आपापल्या जागी खरे होते, कारण प्रत्येकाचं जनावर वेगळं खात होतं. आणि आप्पांच्या बोकडाला डोंगरावरून उतरवून दावणीला बांधलं होतं ते तिच्याच निकालाने.

"आप्पा, तुमचं दुखणं माझ्यामुळे आलं हो," ती म्हणाली आणि तिला रडू आवरेना.

"गप. पैलवान हारल्यावर रडत न्हाई, डाव बदलतो."

तिने डोळे पुसले आणि तन्वीरला फोन लावला. "सोमवारचा निकाल मागे घ्यायचा."

"मग नवा काय लिहू? कोंबडी की बोकड?"

"ते नाव खोडून टाक. कोंबडी असो, बोकड असो, ते काय खाऊन वाढलं, हे लिहून दिल्याशिवाय कुणी विकायचं नाही. आणि आपणही त्याशिवाय कुणाला काही सांगायचं नाही."

तासाभराने मायाप्पाच्या दारातलं दावं तिने स्वतःच्या हाताने सोडलं. आप्पा गाडीतच बसून होते, डोंगर चढायची त्यांना सक्त मनाई होती. चार सुस्तावलेली बोकडं आधी बावचळली, मग मायाप्पाने शीळ घातल्यावर हळूहळू चढाला लागली. पहिलंच बोरीचं झुडूप दिसताच चौघंही त्याच्यावर तुटून पडली.

"लई भारी!" आप्पा खिडकीतून ओरडले. "मग आज रस्सा पिऊ का?"

हेमांगीने बोकडांकडे पाहिलं, मग मिशीकडे.

"सहा महिने थांबा, आप्पा. आधी त्यांना खाऊ द्या."