भवानी प्रेसचा बोर्ड

पटलं तर बघा, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या मावसभावाच्या, ज्ञानेशच्या बाबतीत घडलंय. भोसरी एमआयडीसीत, गेल्या उन्हाळ्यात. तेही भर दुपारी!

गुरुवार होता. गुरुवारी तिकडे लाइट नसते, सगळी वर्कशॉपं बंद.

ज्ञानेश गाळ्यावर आला तो नुसती झाडलोट करायला. मशीनचे जळके इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्त करायचा धंदा, अवधूतसोबत भागीदारीत. भागीदार कसला, सख्ख्यापेक्षा जवळचा. ज्ञानेशचा धाकटा भाऊ श्याम कुरुळीच्या एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस मशीनमध्ये सापडून गेला, तेव्हा खांदा द्यायला अवधूतच पुढे होता. "पोरानंच घाई केली रे," म्हणून ज्ञानेशच्या गळ्यात पडून रडला होता.

ज्ञानेशनं ते खरं मानलं. मेलेल्या भावाला शिव्या घातल्या.

टेबलावर भंगारवाल्याकडून आलेला एक बोर्ड होता. आदल्या संध्याकाळीच त्यानं त्यावरचे फुगलेले कपॅसिटर काढून नवे बसवले होते.

शटर वर केलं, तोच...

टक्. टक्.

पत्र्यावर अंगठी आपटल्याचा आवाज. श्याम असाच यायचा. अंगठी आपटायचा आणि ओरडायचा, "दादा, चहा!"

वळून बघितलं. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

आत आला... तर बोर्डावरचा एक चिमुकला आयसी, म्हणजे चिप, सुटून बाजूला पडलेला.

त्याला तर ज्ञानेशनं हातही लावला नव्हता.

खालचं सोल्डर चकचकीत. बोट टेकवलं, तर चटका बसला!

लाइट नाही. सोल्डरिंग आयर्न थंडगार. मग ते वितळवलं कुणी?

तेवढ्यात त्याला तार दिसली. आयसीखाली लपवलेली, केसाएवढी. हात आत असला की प्रेस थांबवायची, हे त्या आयसीचं काम. तारेनं त्याला कायमचं गप्प केलं होतं.

आणि तारेवर... लाल नेलपॉलिश.

बायकोचं नेलपॉलिश जोडावर लावायची खोड अख्ख्या भोसरीत एकाचीच. अवधूतची. त्याची बायको, योगिनीवहिनी, त्यावरून किती चिडायची!

ज्ञानेशनं बोर्ड उलटा केला, मागची धूळ पुसली. खंडेनवमीचं वाळकं कुंकू. शेजारी श्यामचं वेडंवाकडं अक्षर... "भवानी". आपल्या प्रेसला तो याच नावानं हाक मारायचा.

"ज्ञाना, आज कसा काय रे?" दारात अवधूत. बोर्ड दिसला आणि त्याचा चेहरा उतरला.

"तू केलंस हे?"

"कंपनीचे साहेब म्हणाले, सेन्सर सारखा अडवतोय, माल निघत नाही. दोनच दिवस चालवायचं होतं, भावा..."

"आणि घाई श्यामनं केली? अरे, माझ्या घरी जेवत होतास तू! आईच्या हातचं जेवत होतास!"



टक्. टक्.

ज्ञानेश दचकला. अवधूतनं मात्र शटरकडे बघितलंही नाही.

"तुला आज ऐकू आलं?" तो पुटपुटला. "मला तो गेला तेव्हापासून येतंय. रोज."

त्याच संध्याकाळी ज्ञानेशनं आईला सांगितलं, श्यामची काही चूक नव्हती. अवधूत पुन्हा गाळ्यावर आला नाही.

बोर्ड अजून तिथेच आहे. दर गुरुवारी ज्ञानेश शटर उघडतो, दोन कप चहा टाकतो आणि कान देऊन बसतो. त्या दिवसानंतर एकदाही आवाज आलेला नाही.

"भाऊ माझा," तो मला विचारतो, "आणि रोज जायचा अवधूतकडे?"